विश्लेषण : जुन्या रॉकेटचे सॉफ्टवेअर नव्या रॉकेटला कसे भोवले?

युरोपचे ‘एरियन-५’ रॉकेट ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत फुटले. सोबत ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रहही गेले. इंजिने मात्र व्यवस्थित चालत होती. मग बिघडले काय?

नेमके काय झाले?
रॉकेटची दिशा आणि वेग सांगणाऱ्या यंत्रणेत ‘एरियन-४’चे सॉफ्टवेअर वापरले होते. नव्या रॉकेटचा आडवा वेग सुरुवातीपासूनच जास्त होता. त्या वेगाशी निगडित ६४ बिटचा आकडा १६ बिटच्या जागेत बसवायचा होता. तिथे ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. आकडा त्यापुढे गेला आणि यंत्रणा बंद पडली.

राखीव यंत्रणा नव्हती का?
होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर होते. ती क्षणभर आधीच बंद पडली होती. मुख्य संगणकाने बिघाडाचा संदेश उड्डाणाची माहिती समजून नोझल वळवले. रॉकेट तिरपे होऊन मोडू लागले आणि स्वयंनाश यंत्रणा सुरू झाली.

धडा कोणता?
ज्या हिशेबात हा आकडा अडला, त्याची ‘एरियन-५’ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. नव्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन ही यंत्रणा तपासलीही नव्हती, असे चौकशीत आढळले. सिस्टीम्स इंजिनीअरिंगचे काम नेमके हेच : सुटा भाग चालतो का एवढ्यावर न थांबता, नव्या जोडणीत तो चालेल का, हे जमिनीवरच तपासणे. ‘क्लस्टर’चे बदली उपग्रह अवकाशात जायला २००० साल उजाडले.