नत्रवायू का पेटत नाही?

हवेत सुमारे 78 टक्के नत्रवायू असतो. मग चूल पेटविताच सारी हवा का पेटत नाही, अशी शंका एखादा चौकस विद्यार्थी काढील. तिचे उत्तर असे : नत्रवायूच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने घट्ट जखडलेले असतात. साध्या ज्योतीने तो बंध तुटत नाही. आकाशातील विजेने तुटला, तरी प्राणवायूशी संयोग होताना उष्णता बाहेर न पडता शोषलीच जाते. म्हणून आग पसरत नाही.

तथापि हा वायू सर्वथा निष्क्रिय नव्हे. पेटलेली मॅग्नेशियमची फीत त्यातही जळते. हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू त्यापासूनच पिकाचे अन्न सिद्ध करतात. एखादे रोप हलकेच खणून शिक्षकांनी त्या गाठी मुलांस प्रत्यक्ष दाखवाव्यात.