ऑपरेशनआधीचा व्यायाम

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर बहुधा १० ते २० या वयात होतो, आणि तोही जास्त करून गुडघ्याजवळ. उपचार ऑपरेशनने सुरू होत नाहीत. आधी साधारण १० आठवडे केमोथेरपी, मग गाठीसकट हाड काढून त्या जागी धातूचा कृत्रिम सांधा, नंतर पुन्हा केमो, असा नेहमीचा क्रम.

पहिले आठवडे घरच्यांना नुसती वाट पाहण्याचे वाटतात. पण मुलाची भूक जाते, रक्त कमी होतं, पाय दुखतो म्हणून ते पलंग सोडत नाही, आणि न वापरलेला स्नायू लवकर रोडावतो. ऑपरेशनमध्ये मांडीचा काही स्नायूही काढावा लागतो. नवा सांधा हलवायचा तो उरलेल्या स्नायूच्या जोरावर. म्हणून तो आधीच बळकट हवा.

तरीही फिजिओथेरपिस्ट दुखऱ्या पायाला जपूनच हात घालतात. गाठीने पोखरलेलं हाड थोड्या भारानेही मोडू शकतं, आणि मोडलं तर पाय वाचवणं अवघड होतं. त्या पायावर भार किती द्यायचा हे सर्जन ठरवतात. मालिश तर मुळीच नको. सूज दिसली की तेल लावून चोळायची आपली सवय इथे घातक ठरू शकते. परवानगी असेल तर पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, पाचपर्यंत मोजून सोडायची, पाऊल घोट्यात वर-खाली करायचं, इतकंच.

खरी मेहनत हात, खांदे, पोट आणि चांगल्या पायाची, कारण पुढे चालायचं आहे कुबड्यांवर. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या: हे मुलाने आधीच शिकलेलं असलं तर टाके, वेदना आणि भीती यांच्या जोडीला नवी शिकवणी येत नाही. मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

सोबत तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र: सावकाश हवा आत ओढून गोळ्या वर उचलायच्या. भूल दिल्यानंतर छातीत कफ साचू नये, यासाठी ही तयारी.

रोज सारखा व्यायाम नसतो. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तपेशी खूप उतरतात. ताप असेल तर विश्रांती. प्लेटलेट फार कमी असतील तर वजन उचलणं बंद. डॉक्सोरुबिसिन हे औषध हृदयावर परिणाम करू शकतं, म्हणून इकोचा रिपोर्टही पाहिला जातो.

व्यायामाने गाठ बरी होत नाही, ते काम औषधांचं आणि सर्जनचं. पण ऑपरेशनच्या तारखेची वाट न पाहता, केमो सुरू होतानाच डॉक्टरांना विचारा: फिजिओथेरपिस्टना कधी भेटायचं, आणि कोणती हालचाल अजिबात करायची नाही?