छातीतलं पाखरू

मागच्या वर्षी चैत्रातल्या हळदीकुंकवाची तयारी चालली होती. सासूबाई कैरी किसत होत्या. किसता किसता त्यांच्या हातातून किसणी गळली, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळायला लागले. शेजारपाजारच्या जमल्या. कुणी म्हणालं, कबुतराचं रक्त चोळा. आमचे 'हे' मात्र थांबले नाहीत. गाडी काढून थेट जिल्ह्याच्या गावी! साडेचार तासांच्या आत पोहोचलो म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता आलं. वाचा परत आली, उजवा हात तेवढा थोडा मंद राहिला.

पण गुठळी आली कुठून? बीपी बरा, शुगर नाही, ईसीजीही चांगला. डॉक्टरांनी विचारलं, "यांना छातीत धडधड, फडफड असं काही व्हायचं का?"

माझ्या काळजात चर्र झालं. सहा महिने आई म्हणत होत्या, "अगं, छातीत पाखरू फडफडतंय बघ." आणि मी डबे भरता भरता म्हणायची, "आई, चहा कमी करा जरा."

चोवीस तासांच्या होल्टरमध्येही काही सापडलं नाही. मग आठवडाभर छातीवर यंत्र लावलं. पाचव्या रात्री दोन तास हृदयाचा ताल पार बिघडलेला दिसला. याला म्हणतात एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. रक्त तिथं साचतं, बहुतेक वेळा डाव्या कप्प्याच्या लहानशा पिशवीत, आणि त्याची गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की लकवा. या दुखण्यात लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो. ते येतं-जातं, म्हणून एका ईसीजीत सापडेलच असं नाही. लकव्याचं कारण न सापडलेल्या रुग्णांवरचं एक संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झालं. कातडीखाली बारीकसं यंत्र बसवून वर्षभर नोंद ठेवली, तेव्हा शंभरातल्या बाराजणांत हे सापडलं. नेहमीच्या तपासण्यांत फक्त दोघांत!

उपाय म्हणजे रक्त गोठू न देणारी गोळी. यासाठी नुसती ॲस्पिरिन पुरत नाही. जुनी वॉरफरिन असेल तर रक्ताची आयएनआर तपासणी वेळच्या वेळी हवी. पालेभाजी बंद नको, पण रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं. आईंना नवी गोळी आहे, तिला ती तपासणी लागत नाही. मात्र संधिवाताच्या तापानं ज्यांची झडप अरुंद झाली आहे, त्यांना जुनीच गोळी देतात.

श्रावणात पोथीखाली मला गोळ्यांची पाकिटं सापडली. एकाआड एक गोळी तशीच! मी संतापले. आई खाली बघत म्हणाल्या, "महिन्याचा खर्च मला दिसत नाही का गं?" मला बोलवेना. नवी गोळी चुकली की एका दिवसात तिचा आधार संपतो, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांना विचारून तेच औषध जेनेरिक दुकानातून घेतलं, निम्म्याहून कमी पैशांत आलं.

मैत्रिणींनो, घरात कुणाला लकवा होऊन गेला असेल तर "ईसीजी चांगला आहे" एवढ्यावर थांबू नका. जास्त दिवसांची तपासणी हवी का, हे विचारा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, आणि दुखण्यावरची गोळी किंवा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पडून डोक्याला मार लागला किंवा शौचाला काळी झाली, तर लगेच दवाखाना गाठा.

रोज सकाळी दिवा लावून झाला की मी आईंच्या अंगठ्याखाली मनगटावर तीन बोटं ठेवते, घड्याळ लावून पुरतं एक मिनिट. ठोके एकसारखे पडतात का, ते बघते.

"पाखरू बसलंय का गं आज?" आई विचारतात.

डबे थोडा वेळ थांबतात. आता त्यांचं मी पुरतं ऐकून घेते.