लकाकी: यंत्रं आणि माणसं जोडणारा कारागीर

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकणाऱ्या लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर या तरुणाला काही रंगांतला फरकच कळत नव्हता. चित्रकाराच्या दृष्टीने खेळ तिथेच संपायला हवा होता. पण रंगांनी दगा दिला तरी रेषेवरची पकड पक्की होती. लक्ष्मणरावांनी यंत्रांची रेखाटनं काढायला घेतली आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते तोच विषय शिकवू लागले.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणरावांचं मन मात्र चाकांत रमायचं. मुंबईत नव्याने आलेली सायकल ते चालवायला शिकले आणि सायकली बेळगावला भाऊ रामूअण्णांकडे विक्रीसाठी धाडू लागले. एकेका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये, आणि ती चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे! किर्लोस्कर समूह आपला जन्म बेळगावातल्या या सायकलींच्या दुकानापासून, १८८८ सालापासून, मोजतो.

नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियनला मिळाली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

तिथे आधी कडबा कापायचं यंत्र झालं आणि मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो; लोखंडी नांगर ढेकूळ उलथून खालची माती वर आणतो आणि हरळीची मुळंही उपटून काढतो. पण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. माल तयार, गिऱ्हाईक नाही, अशी ही दोन वर्षं कारखाना तगला हेच नवल.

गिऱ्हाईक मिळू लागलं तेवढ्यात जागा सुटली. बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा नव्या वस्तीसाठी हवी होती. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज देऊ केलं. जमीन म्हणजे निवडुंगाचं रान, वर सापांचा सुळसुळाट. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या त्या रेल्वे स्टेशनालाही पुढे किर्लोस्करवाडी हेच नाव मिळालं.

या वाडीत जमलेली मंडळी पाहिली, की लक्ष्मणरावांची खरी कारागिरी कळते. के. के. कुलकर्णी शाळेत यशस्वी ठरले नव्हते. इथे ते व्यवस्थापक झाले आणि कुठेही काम अडलं की पहिली हाक त्यांना. अनंतराव फळणीकरांचं शिक्षण अर्ध्यावर सुटलेलं. इथे ते कल्पक इंजिनिअर म्हणून नावारूपाला आले. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत. आणि राखणीला तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग होते. दोघेही दरोड्यात शिक्षा भोगलेले. ज्यांच्या भीतीने गावं दारं लावून घेत, त्यांच्याच भरवशावर वाडी रात्री निवांत झोपायची. अस्पृश्यतेलाही लक्ष्मणरावांनी वाडीत थारा दिला नाही, आणि तेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात.

घरच्या मंडळींच्या बाबतीतही हीच पारख दिसते. रामूअण्णांनी वाडीची आखणी आणि व्यवस्था पाहिली. पुतणे शंकरराव यांना चित्रांची आणि लिहिण्याची हौस. नांगराच्या कारखान्यात अशा मुलाचं काय काम, असं दुसरा कुणी म्हणाला असता. इथे त्याच हौसेतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, त्याचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, आणि १९३० साली ‘स्त्री’ सुरू झालं. मराठी घरांत ही मासिकं पिढ्यान्पिढ्या वाचली गेली. ज्या वाडीतून नांगर बाहेर पडत होते, तिथूनच ही मासिकंही महाराष्ट्रभर जात होती.

स्वतः पदवी न मिळवलेल्या लक्ष्मणरावांनी थोरला मुलगा शंतनुराव यांना मात्र शिकायला थेट अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पाठवलं. १९२६ साली ते मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतले. त्याच सुमारास कारखान्यात पंप तयार होऊ लागले होते. नांगरणी झाली, आता विहिरीचं पाणी वर काढायचं होतं! पुढच्या पिढीने पसारा आणखी वाढवला: १९४१ साली हरिहरला यंत्रं बनवणारी यंत्रं, १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनं आणि बंगळुरात विजेच्या मोटारी.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. पण त्यांची आठवण रोजच्या बोलण्यात राहिली ती पुण्यात. शंतनुरावांनी मॉडेल कॉलनीतल्या आपल्या बंगल्याला नाव दिलं ‘लकाकी’: लक्ष्मणचा ल, काशिनाथचा का आणि किर्लोस्करचा की. आता शेजारचा रस्ताही लकाकी रोड झाला आहे, आणि पुणेकर रिक्षावाल्याला सहज तोच पत्ता सांगतात.