शालेय कामासाठी पॉवर बँकेची निवड

पाठ रंगात यावा, मुले चित्रफितीकडे एकाग्रतेने पाहत असावीत आणि नेमक्या त्याच क्षणी हातातील मोबाइल बंद पडावा, हा अनुभव खेड्यातील पुष्कळ शिक्षकांना आला असेल. वीज अनियमित असलेल्या गावी यावर उपाय म्हणून पॉवर बँक घेतली जाते. तथापि वेष्टनावरील मोठा आकडा पाहून केलेली खरेदी बहुधा निराशा करते. यास्तव तो आकडा कसा वाचावा, हे प्रथम पाहू.

१. आकड्याचा अर्थ : वेष्टनावर १०,००० मिलिअँपिअर-तास असे ठळक छापलेले असते. ही धारणशक्ती आतील लिथियम घटांची होय. या घटांचा दाब सुमारे ३.७ व्होल्ट असतो; मोबाइलला मात्र वीज सामान्यतः ५ व्होल्ट दाबाने पुरवावी लागते. दाब वाढविला की धारणशक्तीचा आकडा त्याच प्रमाणात उतरतो. १०,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे १० अँपिअर-तास. त्यास ३.७ ने गुणले असता ३७ वॉट-तास येतात. ३७ ला ५ ने भागले असता ७.४ अँपिअर-तास, म्हणजे ७,४०० मिलिअँपिअर-तास. दाब बदलताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ती वजा जाता हाती ६,००० ते ६,५०० एवढेच उरतात. पुष्कळ वेष्टनांवर हा खरा आकडा ‘रेटेड कपॅसिटी’ या नावाने बारीक अक्षरांत दिलेला असतो. खरेदीच्या वेळी तोच वाचावा.

२. आपली गरज : ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असलेला मोबाइल अशा पॉवर बँकेवर सुमारे दीड वेळा भरतो. मोठ्या टॅब्लेटची बॅटरी मात्र ३० वॉट-तासांच्या आसपास असते. तो एकदा तरी पूर्ण भरेलच, असे नाही. तसेच बाहेर पडणारी वीज किती वॉटची, हेही पाहावे. ५ व्होल्ट व २ अँपिअर म्हणजे १० वॉट. टॅब्लेटला याहून कमी मिळाल्यास, तो चालू असताना बॅटरी भरण्याऐवजी उतरत जाण्याचा संभव असतो.

३. भरण्यास लागणारा काळ : मोठी पॉवर बँक ती चांगली, असा समज आहे, पण ती भरावयास वीजही तितकीच लागते. २०,००० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे ७४ वॉट-तासांची बँक १० वॉटच्या चार्जरवर भरण्यास आठ-नऊ तास लागतात. आपल्या गावी सलग चार-पाच तासच वीज राहत असेल, तर ती नेहमी अर्धवटच भरेल. अशा ठिकाणी १०,००० ची बँक अधिक उपयोगी. अथवा १८ वॉटने वीज घेणारी मोठी बँक व तितक्याच शक्तीचा चार्जर घ्यावा.

४. सुरक्षितता : लिथियम घटात थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा कोंडलेली असते, घट निकृष्ट असल्यास आग लागू शकते. म्हणून भारतात विकावयाच्या पॉवर बँकेस भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. मानकचिन्हाजवळ ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर पडताळून पाहावा. चिन्ह नसलेली वस्तू स्वस्त मिळाली तरी शाळेत आणू नये.

५. निगा : पॉवर बँक उन्हात, पत्र्याखालच्या तापत्या कपाटात किंवा चुलीजवळ ठेवू नये. दीर्घ सुटीत ती निम्मी भरून थंड जागी ठेवावी. ती फुगली असल्यास तत्काळ वापर थांबवावा. टोचू नये, दाबू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. निरुपयोगी झालेली बँक कचऱ्यात टाकू नये अथवा जाळू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांन्वये जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा ती विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.

वरील गुणाकार व भागाकार सातवीच्या मुलांना सहज करता येण्याजोगे आहेत. आपल्या शाळेतील पॉवर बँकेचे वेष्टन फळ्याशेजारी लावून हे उदाहरण त्यांच्याकडून सोडवून घ्यावे. जाहिरातीतील आकडा तपासून पाहण्याची सवय लहानपणीच लागली, तर पुढे बाजारात त्यांची सहसा फसवणूक होणार नाही.