सापाच्या पोटात कावळे नाहीत

दुपारचा एक वाजला की आपल्या पोटात कावळे ओरडू लागतात. त्यातल्या एका कावळ्याचं नाव घ्रेलिन. १९९९ साली मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी संशोधकांना उंदराच्या जठरात हे संप्रेरक सापडलं. पोट रिकामं झालं की ते रक्तात वाढतं, जेवण झालं की उतरतं. त्याला एक छोटं मेदाम्ल चिकटवावं लागतं, नाहीतर मेंदूवर त्याचा काही परिणाम होत नाही. चिकटवणारं विकर वेगळ्याच जनुकातून येतं.

कासवांमध्ये आणि ॲलिगेटरमध्ये घ्रेलिन आहे. सापांच्या जनुकसंचात मात्र ते नाही, आणि चिकटवणारं जनुकही गेलेलं! शॅमेलिऑन सरड्यांचीही तीच गत. वापर संपला की जनुकातल्या चुका छाटल्या जात नाहीत, साचत जातात. आपलंही तसंच झालंय: क जीवनसत्त्व बनवणारं जनुक आपल्या पूर्वजांनी केव्हाच गमावलं, म्हणून आपल्याला लिंबू-आवळा लागतो.

पण मग साप जगतो कसा? जगतो, आणि झकास जगतो. भारतीय अजगराचा सख्खा भाऊ म्हणावा असा ब्रह्मदेशी अजगर प्रयोगशाळांचा लाडका. उपाशी असताना तो जठरातलं आम्ल बनवणंच थांबवतो. रिकाम्या घरात दिवा कशाला जाळा? भक्ष्य गिळलं की मात्र आम्ल झरू लागतं, लहान आतड्याचं वजन दुप्पट होतं, हृदय दोन दिवसांत ४० टक्क्यांनी वाढतं, आणि चयापचय विश्रांतीच्या चाळीसपटींहून वर जाऊ शकतो. जेवून ‘अजगरासारखा’ पडलेल्या माणसाला हे सांगून पाहा. अजगर त्या वेळी आतून धावत असतो.

घ्रेलिनला सरसकट ‘भुकेचं संप्रेरक’ म्हणायची सवय मला पटत नाही. ज्यांच्यातून ते काढून टाकलं ते उंदीर जवळपास नेहमीसारखेच खातात. त्यांची खरी फजिती होते ती दीर्घ उपासमारीत: रक्तातली साखर घसरते. म्हणजे उंदराला उपासात घ्रेलिन तारतं, आणि महिनोन्महिने उपाशी राहणाऱ्या सापाकडे ते नाहीच. साप उपास कशाच्या जोरावर काढतो, हे त्याच्या उरलेल्या जनुकांनाच विचारावं लागेल.