एकीला पंच्याऐंशीतही ऐकू येते, दुसरीला साठीतच काऊन नाही?

तायांनो, हे आपल्या गावात दिसतेच. पंच्याऐंशीची आजी मागच्या खोलीतली कुजबुज टिपते, अन् साठीतल्या बाईला तीनदा हाक मारावी लागते. मग आपण म्हणतो, "सोंग करते." सोंग नसते ते.

कानाच्या आत खोलवर शंखासारखा भाग असतो. त्यात केसासारख्या बारीक तंतूंच्या पेशी असतात, एका कानात साधारण 15 हजार. आवाज मेंदूकडे पोचवायचं काम त्यांचं. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. मेल्या की नव्या उगवत नाहीत. वयानं त्या सगळ्यांच्याच कमी होतात, पण कोणाच्या किती लवकर, ते सारखं नसते.

थोडं घराण्यातून येते. शुगर-बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं, तर कानाच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. टीबीसाठी पूर्वी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं देत, त्यानंही काहींचे कान गेले. (जीवही त्यानंच वाचले, म्हणून कोणतंही औषध मनानं बंद करू नका.)

अन् मोठं कारण म्हणजे गोंगाट. आपल्या अकोल्यात जिनिंग आहेत, दालमिल आहेत. रोज 8 तास 85 डेसिबलच्या वर आवाज कानावर पडला, तर पेशी हळूहळू मरतात, दुखत मात्र काही नाही. डेसिबल मोजायचं यंत्र आपल्याकडं कुठलं? साधी खूण धरा: हातभर अंतरावरच्या बाईशी ओरडून बोलावं लागते, तर आवाज धोक्याचा. कानात कापूस कोंबून भागत नाही. फोमचे बोळे किंवा कान झाकणारे मफ लागतात. ते मालकाकडं मागा, एकटीनं नाही, सगळ्याजणींनी मिळून.

वयाचा बहिरेपणा आधी बारीक, उंच आवाजांवर येतो. स, श, थ, फ हे वर्ण निसटतात. बैठकीत "साठ रुपये" म्हटलं, तिला "आठ" ऐकू येते, अन् हिशेबावरून भांडण! म्हणून तिच्या कानाशी ओरडू नका. पंखा बंद करा, उजेडात समोर बसून सावकाश बोला. आकडा वहीत बोट ठेवून दाखवा, मगच सही किंवा अंगठा घ्या.

प्रत्येक वेळी वयच कारण असते असं नाही. मळ साचलेला असतो, पडद्याला भोक असते, कान वाहत असतो. यावर इलाज आहे. तेल, काडी, पिन कानात घालू नका. अचानक एका कानानं ऐकू येणं बंद झालं, तर दोन दिवसही थांबू नका. तपासणीसाठी अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात जा.

राष्ट्रीय वयोश्री योजनेत साठीपुढच्या गरीब वृद्धांना मशीन मोफत मिळते, शिबिराची चौकशी पंचायतीत करा. सुरुवातीला मशीनमधून भांड्यांचा आवाजही कर्कश वाटतो, म्हणून कित्येक जणी ती पेटीत टाकून देतात. तसं करू नका, परत जाऊन आवाज जुळवून घ्या.